अमेरिकन चित्रपटांतील कृष्णवर्णीय नट आणि लोकप्रियतेचें मोल

लोकप्रियता म्हणजे काय, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. परंतु नटाच्या बाबतींत तो तितका सोपा नाहीं. गवई एकांतांत गाऊं शकतो, कवि कोणी न वाचलें तरी लिहूं शकतो. नटाला मात्र समोर प्रेक्षक हवाच. त्यांतही चित्रपटाच्या नटाला एका गांवचा प्रेक्षक पुरत नाहीं. एकेका बोलपटामागें इतका पैसा गुंतलेला असतो कीं, तो वसूल व्हावयाचा तर शेंकडों गांवच्या, नाना वृत्तींच्या आणि नाना समजुतींच्या लोकांनीं खिशांतून पैसे काढून तिकीट घेतलें पाहिजे. म्हणून या धंद्यांत 'हें चांगलें आहे काय?' या प्रश्नाच्या अगोदर 'हें सर्वांना चालेल काय?' हा प्रश्न विचारला जातो.

आज ज्या नटांविषयीं मी आपणांशीं बोलणार आहे, त्यांच्या बाबतींत या प्रश्नाला निराळाच अर्थ होता. ते म्हणजे अमेरिकेंतील कृष्णवर्णीय नट. तेथें 'सर्वांना' या शब्दाचा अर्थ दीर्घकाळ 'गोऱ्यांना' असाच होता. आणि ज्या गोऱ्या प्रेक्षकांना या नटांनीं आवडावयाचें, त्यांच्यापैकीं पुष्कळांना त्यांच्या शेजारीं बसून जेवणेंही मंजूर नव्हतें. जो आपल्याला दारांत उभा करीत नाहीं त्याच्या मनांत घर कसें करावयाचें, हें कोडें या लोकांनीं कसकसें सोडविलें, आणि तें सोडवितांना काय गमावलें, हा आजचा विषय.

विषय दूरदेशींचा खरा. पण मराठी माणसाला तो अगदींच परका नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांनाच अर्पण केलें होतें. अमेरिकेंत १८६५ सालीं राज्यघटनेंत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. परंतु कायद्यानें पायांतील बेडी तुटली, तरी लोकांच्या मनांतील चित्र तुटत नाहीं. आणि चित्रपट हा तर चित्रांचाच धंदा.

हें मनांतलें चित्र आलें कोठून? चित्रपटाच्या जन्मापूर्वीं साठसत्तर वर्षें अमेरिकन रंगभूमीवर एक खेळ फार लोकप्रिय होता. गोरे नट जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फांसून, ओठ मोठे रंगवून काळ्या माणसाचें सोंग घेत, आणि तो किती आळशी, भित्रा व बावळट असतो हें दाखवून लोकांना हंसवीत. आपल्या रंगभूमीवरही पुरुष स्त्रीभूमिका करीत असत. पण बालगंधर्वांचें लुगडें पाहून घरोघरच्या स्त्रियांनीं तसें लुगडें नेसावयास घेतलें, कारण त्या सोंगांत आदर होता. अमेरिकेंतील त्या सोंगांत आदराचा लवलेश नव्हता. आणि दैवाचा खेळ असा कीं, पुढें बर्ट विल्यम्स यांच्यासारखा अव्वल दर्जाचा कृष्णवर्णीय नट रंगभूमीवर आला, तेव्हां त्यालाही आपल्या मूळच्या रंगावर काजळीचा थर द्यावा लागला! १९१० सालीं न्यूयॉर्कच्या 'झीगफेल्ड फॉलीज' या गाजलेल्या गोऱ्या मंडळींत त्याला प्रवेश मिळाला, परंतु तोंडावरची काजळी कांहीं सुटली नाहीं. प्रेक्षकांना काळा माणूस नको होता. त्याची नक्कल हवी होती.

१९१५ सालीं ग्रिफिथ या दिग्दर्शकाचा 'बर्थ ऑफ ए नेशन' हा मूकपट निघाला. कलेच्या दृष्टीनें त्यानें चित्रपटांत क्रांति केली. पण त्यांतील कृष्णवर्णीयांच्या प्रमुख भूमिका काजळी फांसलेल्या गोऱ्यांनींच केल्या होत्या, आणि कू-क्लक्स-क्लॅन या अत्याचारी टोळीला त्यांत तारणहार ठरविलें होतें. कृष्णवर्णीयांच्या संस्थांनीं निषेध केला. तरीही चित्रपट तुफान चालला.

यावर एक उपाय असा निघाला कीं, आपले चित्रपट आपणच काढावे. ऑस्कर मिशो या गृहस्थानें १९१९ पासून १९४८ पर्यंत चाळीसांहून अधिक चित्रपट काढले. १९२० सालचा त्याचा 'विदिन अवर गेट्स' हा मूकपट आजही पाहावयास मिळतो. त्यांत काळा माणूस शिक्षक आहे, डॉक्टर आहे, लुच्चाही आहे. म्हणजे माणूस आहे. परंतु हे चित्रपट केवळ कृष्णवर्णीयांच्या चित्रगृहांत, अथवा इतरत्र मध्यरात्रींच्या खेळांत दाखविले जात. भांडवल तुटपुंजें, चित्रगृहें थोडीं. मान मिळे, पण व्याप्ति मिळत नसे. उलट हॉलिवुडांत व्याप्ति होती, पण तेथें मान मिळत नसे. मान आणि व्याप्ति यांची ही फारकत ध्यानांत ठेवली म्हणजे पुढचा सारा इतिहास उलगडतो.

आतां हॉलिवुडची कामाची रीत पाहूं. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत कृष्णवर्णीयांना चित्रगृहांत निराळें दार आणि वरच्या सज्ज्यांत निराळी बैठक असे. तेथील चित्रगृहांचे मालक आणि गांवोगांवचीं सेन्सॉर मंडळें नापसंत प्रसंग खुशाल कापून टाकीत. निर्मात्यानें हा हिशेब अगोदरच करून ठेवावा. लेना हॉर्न ही देखणी व गुणी गायिका १९४२ सालीं मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनींत आली. तिला मोलकरणीचीं कामें करावयाचीं नव्हतीं, आणि नायिका तर कोणी करीत नव्हतें. मग काय केलें? तिचें गाणें कथानकापासून अलग असें चित्रित करीत. ती खांबाला टेकून गाणार आणि जाणार. दक्षिणेंत तो तुकडा कापला, तरी गोष्टीला कोठें भोंक पडत नसे. तिच्या वाट्याला प्रकाश आला, कथा आली नाहीं. त्यांत भर म्हणून चित्रधंद्यानें स्वतःच घालून घेतलेल्या नियमावलींत, जी १९३४ पासून कडक रीतीनें पाळली जाऊं लागली, गोऱ्या आणि काळ्या माणसांमधील प्रेमसंबंध दाखविण्यास मनाई होती. नायक व्हावयाचें तर प्रेम करावें लागतें. आणि प्रेम तर नियमबाह्य! १९५६ सालीं नियमावली सुधारली तेव्हां हें कलम गेलें.

मग उरलें काय? नोकर, मोलकरीण, हमाल आणि विदूषक. स्टेपिन फेचिट या नांवानें प्रसिद्ध झालेल्या नटानें मंद, झोपाळू नोकराची भूमिका अशी वठविली कीं त्यानें लक्षावधि डॉलर मिळविले. त्याचें हंसें होई आणि त्याच्या जातीचेंही होई. हॅटी मॅकडॅनियल हिनें १९३९ सालच्या 'गॉन विथ द विंड' या बोलपटांत दाईची भूमिका केली. तो चित्रपट प्रथम अटलांटा शहरीं दाखविला गेला, तेव्हां तेथील वर्णभेदामुळें तिला समारंभास जातां आलें नाहीं. २९ फेब्रुवारी १९४० रोजीं तिला ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ति. पण ज्या उपाहारगृहांत समारंभ झाला तेथें काळ्यांना मज्जाव होता. निर्मात्याला तिच्यासाठीं मुद्दाम परवानगी काढावी लागली, आणि तिला बाकीच्या मंडळींपासून दूर, भिंतीकडेच्या टेबलावर बसविलें गेलें. पुढें तिच्याच समाजांतील पुढारी म्हणूं लागले कीं, मोलकरणींच्या भूमिका करून ही आमची मान खालीं घालते. यावर तिनें दिलेलें उत्तर प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा कीं, आठवड्याला सात डॉलर घेऊन खरीखुरी मोलकरीण होण्यापेक्षां सातशें घेऊन तिचें सोंग केलेलें काय वाईट? १९५२ सालीं ती वारली. हॉलिवुडच्या स्मशानभूमींत आपणांस पुरावें ही तिची इच्छा होती; ती जागा गोऱ्यांची म्हणून नकार आला. तेथें तिचें स्मारक झालें तें १९९९ सालीं.

पुढारी चुकले कीं हॅटी चुकली? माझ्या मतें हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणीं विचारला जातो. दोन दारें असून एक निवडलें तर निवडणाऱ्याला जाब विचारावा. जेथें दारच एक, तेथें जाब दार बांधणाऱ्याला विचारला पाहिजे.

दार नाकारणाराही एक महापुरुष होऊन गेला. पॉल रोबसन हे कायद्याचे पदवीधर, नांवाजलेले खेळाडू, आणि आवाज तर मेघगर्जनेसारखा. १९३५ सालच्या 'सँडर्स ऑफ द रिव्हर' या चित्रपटांत आफ्रिकेची संस्कृति दिसेल, या विश्वासानें त्यांनीं काम केलें. पुरा झालेला चित्रपट पाहतात तों ब्रिटिश साम्राज्याची आरती! १९४२ च्या 'टेल्स ऑफ मॅनहॅटन' नंतर त्यांनीं हॉलिवुडला रामराम ठोकला. १९४३ मध्यें न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्यांनीं ऑथेल्लो उभा केला. त्याचे २९६ प्रयोग झाले. पुढें राजकीय मतांमुळें १९५० पासून १९५८ पर्यंत त्यांचें पारपत्रच सरकारनें काढून घेतलें. १९५८ सालीं त्यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त भारतांत समारंभ झाले. त्या समितीचे प्रमुख मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश न्या. छागला हे होते, आणि पंडित नेहरूंनींही जाहीर गौरव केला. रोबसन यांनीं मान राखला. पण पडदा त्यांना मुकला, आणि तेही पडद्याला मुकले.

यानंतर आले सिडनी पॉयटिए. बहामा बेटांवर टोमॅटो पिकविणाऱ्या गरीब कुटुंबांतले हे सातवें अपत्य. जन्म १९२७ चा. सोळाव्या वर्षीं न्यूयॉर्कला येऊन उपाहारगृहांत भांडीं घांसूं लागले. हार्लेममधील अमेरिकन निग्रो थिएटर या संस्थेंत नट होण्याकरितां गेले, तों धड वाचतां येईना आणि बोलण्यांत बेटांवरचा हेल. लागलीच बाहेरची वाट दाखविण्यांत आली. त्या मुलानें काय केलें असेल? त्यानें एक रेडिओ विकत घेतला. ज्या यंत्रांतून या क्षणीं मी आपल्या घरीं आलों आहें त्याच यंत्रासमोर बसून, निवेदक जसा बोलेल तसें मागोमाग बोलावयाचें, असा त्यानें महिनोन् महिने पाठ केला. उपाहारगृहांतील एका वृद्ध यहुदी वाढप्यानें रात्रीं काम आटोपल्यावर त्याला वर्तमानपत्र वाचावयास शिकविलें. आयुष्यभर पोरांना वाचावयास शिकविलेल्या माझ्यासारख्या माणसाला या वाढप्याचा हेवा वाटतो. त्याचें नांव इतिहासाला ठाऊक नाहीं. पण त्याचा विद्यार्थी १९६४ च्या एप्रिलांत, 'लिलीज ऑफ द फील्ड' या चित्रपटाबद्दल, प्रमुख नटाचें ऑस्कर मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला.

१९६७ सालीं पॉयटिए यांचे तीन चित्रपट निघाले आणि तिन्ही गाजले. 'टू सर, विथ लव्ह' मध्यें ते लंडनच्या दांडग्या पोरांना वळण लावणारे शिक्षक आहेत. 'इन द हीट ऑफ द नाइट' मध्यें ते फिलाडेल्फियाचे हुशार पोलिस अधिकारी आहेत. दक्षिणेंतील एक गोरा जमीनदार त्यांना थप्पड मारतो, आणि ते तत्क्षणीं उलट थप्पड देतात. अमेरिकन पडद्यावर असें कांहीं प्रेक्षकांनीं तोंवर क्वचितच पाहिलें असेल. तिसरा 'गेस हू इज कमिंग टु डिनर'. त्यांत ते एका गोऱ्या मुलीशीं विवाह करूं इच्छितात. या गोष्टीचें धाडस समजावयाचें तर एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, १२ जून १९६७ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल देईपर्यंत सोळा संस्थानांत असा विवाह हा गुन्हाच होता. चित्रपटगृहांच्या मालकांनीं १९६८ सालीं गल्ला भरणारा पहिल्या क्रमांकाचा नट म्हणून पॉयटिए यांचेंच नांव दिलें. म्हणजे अखेर 'सर्वांना चालला'!

परंतु कोणत्या अटीवर? त्या तिसऱ्या चित्रपटांतील वर हा नामांकित डॉक्टर आहे, विद्वान आहे, विनयशील आहे. मुलीच्या आईबापांची संमति नसेल तर लग्नच करणार नाहीं म्हणतो. वधूची योग्यता काय? ती गोरी आहे आणि श्रीमंताची आहे. दोघांचें चुंबन दाखविलें आहे तेंही मोटारवाल्यासमोरच्या लहानशा आरशांत. आम्हां मास्तरांच्या भाषेंत सांगावयाचें तर, गोरा उमेदवार शंभरांत पस्तीस गुणांवर उत्तीर्ण. काळ्याला मात्र शंभरांत शंभर हवेत. त्याच वर्षीं सप्टेंबरांत क्लिफर्ड मेसन या कृष्णवर्णीय नाटककारानें 'न्यूयॉर्क टाइम्स' मध्यें असा रोखठोक सवाल केला कीं, गोऱ्या अमेरिकेचें पॉयटिए यांच्यावर इतकें प्रेम कां? त्याचें म्हणणें, हा माणूस नेहमीं गोऱ्यांचींच कोडीं सोडवितो. त्याला स्वतःचें घर नाहीं, राग नाहीं, प्रेयसी नाहीं. टीका कठोर होती, पण सर्वस्वीं खोटी नव्हती. आणि एवढें सोसूनही झालें काय? 'इन द हीट ऑफ द नाइट' ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर मिळालें, त्यांतील गोऱ्या नटाला प्रमुख नटाचें मिळालें. पॉयटिए यांचें नांव त्या वर्षींच्या उमेदवारांच्या यादींतही नव्हतें.

पुढील पिढीनें निर्दोषपणाचा हा अंगरखा उतरवून टाकला. १९७१ सालीं गॉर्डन पार्क्स यांच्या 'शाफ्ट' मध्यें नायक काळा, बेडर आणि कोणाची परवानगी न मागणारा असा आला. अशा चित्रपटांची कांहीं वर्षें लाट होती. पण त्यांत मारामारी व गुन्हेगारी यांचाच सुकाळ झाला, आणि एका सांच्याच्या जागीं दुसरा सांचा बसला. मग विनोदाची वाट सांपडली. खुद्द पॉयटिए यांनींच दिग्दर्शित केलेल्या १९८० च्या 'स्टर क्रेझी' मध्यें रिचर्ड प्रायर या विनोदी नटासोबत एक गोरा नट जोडीला होता. त्या चित्रपटानें अमेरिकेंत दहा कोटी डॉलरांवर गल्ला केला. एक काळा आणि एक गोरा अशी ही जोडी त्या दशकांत फार चालली. गोऱ्या प्रेक्षकाला ओळखीचा एक सोबती असला म्हणजे त्याला धीर येतो, हें त्यामागील गणित. १९८४ च्या 'बेव्हर्ली हिल्स कॉप' मध्यें एडी मर्फी यांनीं एकट्याच्या बळावर चित्रपट तोलून दाखविला.

विल स्मिथ यांनीं तर लोकप्रियतेचा अभ्यासच केला. सर्वांत अधिक मिळकतीच्या दहा चित्रपटांची यादी घेऊन त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें पाहिलें, तों बहुतेकांत चमत्कृतिपूर्ण दृश्यें, परग्रहावरचे वा इतर अजब प्राणी आणि एक प्रेमकथा! त्या धोरणानें त्यांनीं भूमिका निवडल्या. १९९६ चा 'इंडिपेंडन्स डे' जगभर चालला. परंतु २००५ च्या 'हिच' या प्रेमकथेच्या वेळीं जुनें कोडें पुन्हां उभें राहिलें. नायिका गोरी घेतली तर अमेरिकेंतील कांहीं लोक बिथरतील, काळी घेतली तर हा 'काळ्यांचा चित्रपट' म्हणून इतर येणार नाहींत. म्हणून लॅटिन वंशाची नायिका घेतली, हें स्मिथ यांनींच सांगितलें. १९३४ चें कलम कागदावरून गेलें होतें. खतावणींतून गेलें नव्हतें.

या खतावणींत अलीकडे परदेशची बाजू वाढली. अमेरिकेबाहेरचे लोक काळा नायक पाहात नाहींत, असें धंद्यांत बिनदिक्कत बोललें जाई. २०१४ सालीं एका मोठ्या कंपनीचा खासगी पत्रव्यवहार चोरून जगजाहीर करण्यांत आला, तेव्हां डेंझेल वॉशिंग्टन यांच्यासारख्या थोर नटाविषयींही तेंच लिहिलेलें आढळलें. ज्या चित्रपटावरून हें लिहिलें, त्या 'इक्वलायझर' ची जवळजवळ निम्मी मिळकत अमेरिकेबाहेरची होती! श्रोतेहो, 'परदेशचे लोक' म्हणून ज्यांच्या नांवावर हें लिहिलें गेलें त्यांत आपणही येतों. आपल्या आवडीची साक्ष काढली गेली, आणि आपणांस कोणी विचारलेंही नाहीं.

२०१७ मध्यें जॉर्डन पील यांचा 'गेट आउट' सुमारें पंचेचाळीस लाख डॉलरांत झाला आणि जगभर पंचवीस कोटींवर मिळवून गेला. मूळ पटकथेचें ऑस्कर मिळविणारे पील हे पहिले कृष्णवर्णीय लेखक. २०१८ च्या 'ब्लॅक पँथर' चे दिग्दर्शक, नायक आणि बहुतेक सारे नट कृष्णवर्णीय. त्याची जगांतील मिळकत १३० कोटी डॉलरांवर गेली, आणि तींत निम्म्याच्या जवळपास वाटा परदेशचा. या दोन्ही चित्रपटांत कोणीही आपला रंग, आपली भाषा, आपला राग झांकून ठेवला नव्हता. सर्वांना आवडण्यासाठीं पुसट व्हावें लागतें, हा शंभर वर्षांचा सिद्धांत त्यांनीं खोटा पाडला. मिशो यांच्या वेळीं ताटातूट झालेल्या मान आणि व्याप्ति या दोन गोष्टी येथें एका ताटांत जेवावयास बसल्या.

तरी हिशेब मिटला असें समजूं नये. २०१५ व २०१६ या दोन्ही वर्षीं ऑस्करसाठीं निवडलेल्या वीसच्या वीस नटनटी गोऱ्या होत्या. स्त्रियांची वाट तर अधिकच अरुंद. १९५४ च्या 'कार्मेन जोन्स' साठीं प्रमुख नटीच्या पारितोषिकाच्या यादींत आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री डोरोथी डँड्रिज. तें पारितोषिक हॅली बेरी हिच्या हातीं पडावयास २००२ साल उजाडलें, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत तें दुसऱ्या कोणा कृष्णवर्णीय स्त्रीला मिळालें नाहीं. २०१२ सालीं ऑक्टेव्हिया स्पेन्सर हिला दुय्यम भूमिकेचें ऑस्कर मिळालें. भूमिका कोणती? मोलकरणीची! त्याच 'हेल्प' नांवाच्या चित्रपटांतील तिची सहकारी व्हायोला डेव्हिस हिनें पुढें खेद व्यक्त केला कीं, त्या कथेंत मोलकरणींचा स्वतःचा आवाज ऐकूंच आला नाहीं. हॅटीला तिचे टीकाकार जें विचारीत होते तेंच, सत्तर वर्षांनीं, नटीनें स्वतःला विचारलें. फरक झाला तो एवढाच, आणि तो लहान नाहीं: आतां तिला दुसरें दार दिसत होतें.

चित्रपट पाहातांना आपण नायक किती शूर आहे हें पाहतों. त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी: या पडद्यावर चुकण्याचा, रागावण्याचा, प्रेम करण्याचा, साधें घर असण्याचा अधिकार कोणाकोणाला दिला आहे आणि कोणाला नाहीं. ज्याला केवळ देव किंवा केवळ विदूषक होण्याचीच मुभा आहे, तो लोकप्रिय झाला असेल. पण त्याला अजून माणूस म्हणून आंत घेतलेलें नाहीं. आणि तिकीट आपण काढीत असल्यामुळें, त्या दाराची एक किल्ली आपल्याही हातांत आहे.